गच्चीवरच्या सळया

शेख रमादी कुराणातल्या आयतीच्या अखेरीस श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबले, आणि नेमक्या त्या पवित्र शांततेत गच्चीवरून लोखंड कापण्याच्या यंत्राचा कर्कश चीत्कार उमटला.

नीलकाठच्या मीत-गम्र गावातल्या एका चिंचोळ्या गल्लीत उभारलेल्या मांडवात बसलेल्यांपैकी कोणीही मान वर केली नाही. दिवंगताविषयीचा आदर त्यांच्या मानांना धरून होता. परंतु बिनसाखरेच्या कॉफीचे पेले ओठांपाशी थबकले, आणि दाराशी पाहुण्यांचे सांत्वन स्वीकारीत उभा असलेला थोरला मुलगा इसाम याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आज बाशमुहंदिस वग्दी अब्दुल मक्सूद यांच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस होता. पाटबंधाऱ्याच्या दरवाजांवर ज्याने अवघी हयात वेचली, त्या अभियंत्याला अखेरचा निरोप देण्यासाठी कालव्याकाठच्या खेड्यांतून शेतकरी आले होते. आणि वर हा चीत्कार.

"इसाम," फथीकाका ओठ न हलवता पुटपुटले, "माझ्या भावाला चाळिसाव्याच्याच दिवशी कबरीतून उठवायचं ठरवलंय का तुम्ही?"

"हुस्नीला लोक गेल्यावर ये म्हटलं होतं, काका."

"म्हणजे आहे तुझाच माणूस!"

इसामने पुढच्या पाहुण्याचा हात हाती घेतला. त्याची योजना साधी होती आणि ती कोणाला दुष्ट वाटावी याचा त्याला मनस्वी वैताग येत असे. गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवण्यासाठी एक कंपनी तयार होती. दुसऱ्या दिवशी तिची माणसे जागा पाहण्यास यायची होती. त्यांची अट एकच, गच्ची मोकळी हवी. आणि गच्ची मोकळी नव्हती. वडिलांनी दुसरा मजला पूर्ण करताना खांबांच्या सळया पुढच्या मजल्यासाठी वर तशाच राखून ठेवल्या होत्या. साऱ्या गावातल्या घरांवर तशा सळया असतात. मुलगा मोठा झाला, लग्न ठरले, की त्यांच्यावर मजला चढतो. परंतु साऱ्या गावात त्या सळयांवर पातेली नसतात. बाशमुहंदिसांनी प्रत्येक जुडग्यावर ॲल्युमिनियमचे एकेक उपडे पातेले घातले होते, लोखंड गंजू नये म्हणून. वारा सुटला की ती रात्रंदिवस खडखडत. लोक घराचा पत्ता सांगताना 'पातेल्यांचं घर' म्हणत. आणि ती पातेली इसामच्याच कारखान्यातली होती. त्याच्या पहिल्या, फसलेल्या मालातली. जी त्याने वितळवायला काढली होती, ती वडिलांनी उचलून नेऊन घरावर मांडली होती. आपले अपयश आपल्याच डोक्यावर तळपताना त्याने इतकी वर्षे पाहिले होते.

यंत्र पुन्हा किंचाळले. शेख रमादींनी डोळे मिटून पुढची आयत अधिक उंच स्वरात आरंभिली. इसाम जिन्याकडे वळला.

*

वरच्या मजल्यावर, इसामचा धाकटा भाऊ मिदहत याच्या दिवाणखान्यात बसलेल्या स्त्रियांना तो आवाज थेट मस्तकावर ऐकू आला. इसामची पत्नी शाहिनाज हिला त्याचे कारण ठाऊक होते, म्हणून ती अधिक तत्परतेने खजूर वाटू लागली.

सासऱ्यांविषयी तिच्या मनात आदर होता. ज्याच्याबरोबर एका जिन्यावर आयुष्य काढले, अशा माणसाविषयी असतो तसा, म्हणजे पुष्कळ आणि दमलेला. जुम्म्याच्या नमाजानंतर ते प्रत्येक स्वयंपाकघरात शिरून गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून पाहत. दार आपटले तर खालून हाक येई, "बिजागरीनं तुझं काय वाकडं केलंय, बेटा?" वसंतात धुळीचा खमसीन वारा उसंत घेई, तेव्हा बंधाऱ्याच्या दरवाजांना लावतात तसले काळे वंगण घेऊन ते गच्चीवर जात. मग सळयांबरोबर तिच्या पडद्यांनाही ते लागे. आणि तो जिना! मधोमध लिफ्टसाठी सोडलेली चौकोनी पोकळी, आणि तिच्याभोवती अंग चोरून चढावे लागेल इतक्या अरुंद पायऱ्या. लिफ्ट मात्र कधीच आली नाही. "यंत्र माथ्यावर बसतं," ते शांतपणे सांगत. "माथाच अजून झाला नाही. अर्धवट माथ्यावर यंत्र बसवणार नाही मी." तोवर त्या पोकळीतून एक टोपली दोरीने वरखाली जात असे, भाकऱ्या, औषधे आणि भांडणे पोचवीत.

"हे काय चाललंय वर?" नणंद सोहैरने हातातला ट्रे खाली ठेवत विचारले.

"असेल काहीतरी. मांडवाचं."

"मांडव खाली आहे, वहिनी."

ती उठली. शाळेत गणित शिकवणाऱ्या सोहैरला उत्तर सापडण्यास विलंब लागत नसे. संसार मोडल्यापासून ती तळमजल्यावर आईवडिलांजवळ राहत होती. गेल्या आठवड्यातच इसामने सांगितले होते, की तळमजल्यावर भांड्यांचे गोदाम करायचे आहे, आई त्याच्याकडे राहील, आणि सोहैरसाठी शाळेजवळ भाड्याच्या दोन खोल्या पाहिल्या आहेत. तिने तेव्हा भांडण केले नव्हते. वरचा मजला आहे, या एका विश्वासावर ती गप्प राहिली होती. त्या सळया कापल्या गेल्या, तर या घरात तिच्या नावाचे काहीही उरणार नव्हते.

काळा रुमाल सावरीत ती पायऱ्या चढू लागली. शाहिनाजने हाताशी असलेला खजूर स्वतःच तोंडात टाकला आणि निमूटपणे तिच्या मागे निघाली.

*

"संध्याकाळी मेहुणीचा साखरपुडा आहे, उस्ताद इसाम," हुस्नी यंत्र हातात घेऊन अजिजीने सांगत होता. "म्हटलं, थोडकीच तर जुडगी आहेत, उरकून टाकतो. अल्लाह त्यांना जन्नत देवो, लई भला माणूस."

"भल्या माणसाच्या डोक्यावर यंत्र फिरवतोस? खाली पठण चाललंय!"

"मला दिसलं नाही हो. मी मागच्या दारानं आलो."

पहिल्या जुडग्यातली एक सळई कापून झाली होती. तिचा पांढरा, ताजा छेद उन्हात चमकत होता. सोहैरने तो पाहिला आणि ती पुढच्या जुडग्यावरच्या पातेल्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"यापुढच्याला हात लावला ना, दादा, तर मी इथून ओरडेन. अख्खा मांडव वर येईल."

"सोहैर, खाली जा. खाली बायका बसल्यात."

"बायकांतूनच आले मी."

"वाऱ्यावर सोडतोय का तुला? दोन खोल्या बघितल्यात, नळ आहे, बाल्कनी आहे..."

"माझं घर आहे. हे. बाबांनी मला सांगितलंय, वरचा मजला तुझा, तुझा नंबर लागेल. मी परत आले त्या दिवशी सांगितलंय."

मागून कोणीतरी खाकरले. औषधांच्या दुकानातून घाईने आलेला मिदहत, धाकटा भाऊ, जिन्याच्या दारात उभा होता. भांडणात दोन्ही बाजूंना होकार देणे हा त्याचा स्वभाव होता, म्हणून त्याचे खाकरणे कोणी मनावर घेतले नाही. तो पुन्हा खाकरला.

"बोल ना," इसाम म्हणाला. "तुला काय खोकल्याचं औषध हवंय?"

"नाही, म्हणजे... मलाही म्हणाले होते बाबा. माझ्या उमरच्या लग्नासाठी. 'त्याचं शिक्षण होऊ दे, मग त्याचा नंबर.' असं."

सोहैरने भावाकडे पाहिले. "कधी?"

"दर ईदला."

"थांबा, थांबा." फथीकाका धापा टाकीत वर पोचले होते. त्यांनी कठड्याचा आधार घेतला. "वरचा मजला ना? हा? तो तर वग्दीनं मला कबूल केलाय! 'फथी, निवृत्त झालास की इकडे ये, तुझा नंबर आहे.' मी त्या भरवशावर गावातल्या घराला रंग दिला नाही!"

मग इसाम हसला. ते हसणे ऐकून हुस्नीने यंत्राची वायर आपल्या बाजूला ओढून घेतली.

"आणि मला काय म्हणाले ठाऊक आहे? मी टॉवरची गोष्ट काढली, तेव्हा? म्हणाले, 'बघू. टॉवरचाही नंबर लागेल.'"

"टॉवरलासुद्धा!" शाहिनाज उद्गारली. "आणि लिफ्टला! मी बाळंत होऊन आले, टाके ओले, ह्या जिन्यानं वर चढले. तेव्हाही हेच. 'लिफ्टचा नंबर लागेल, बेटा.'"

बाशमुहंदिस वग्दी यांनी जन्मभर पाणी वाटले होते. एका कालव्यावर अनेक गावे, आणि प्रत्येक गावाला आपले शेत आधी भिजावे असे वाटते. अशा ठिकाणी 'नाही' म्हटल्यास डोकी फुटतात, म्हणून त्यांनी 'नाही' हा शब्दच टाकून दिला होता. 'तुझा नंबर लागेल,' असे ते सांगत, आणि तो खरोखर लागे. पाणी फिरत फिरत प्रत्येकाकडे येई. त्यांच्या शब्दावर शेतकरी निर्धास्त झोपत, आणि आज खाली मांडवात तेच शेतकरी डोळे पुशीत होते. तीच रीत त्यांनी घरी आणली. परंतु पाणी फिरते, मजला फिरत नाही, आणि मजला एकच होता.

"अल्लाहची शपथ," मिदहत कपाळाला हात लावून म्हणाला, "आता त्यांच्यावर रागावायचं तरी कसं?"

"मला जमतंय," इसाम म्हणाला. "हुस्नी, चालू कर. कोणालाच नको, म्हणजे तंटाच मिटला."

"मग मी काय भाड्याच्या बाल्कनीत बसून टॉवर बघू?" सोहैर म्हणाली. तिचे हात पातेल्यावरून उठले नाहीत.

"हात लावू नका यंत्राला!" मिदहत प्रथमच मोठ्याने बोलला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... उमरचंही बघायला हवं ना."

"अरे, माझं कोण बघणार?" काका म्हणाले.

*

आई, हजयात्रा केल्यापासून सारे ज्यांना हाग्गा म्हणत त्या इन्शिराह, वर येत आहेत, हे प्रथम आवाजावरून समजले. प्रत्येक पायरीला एक "या रब," प्रत्येक वळणावर एक शिवी, आणि ती शिवी नेहमीप्रमाणे पायऱ्यांना नसून पायऱ्या बांधणाऱ्याला. मिदहत खुर्ची आणण्यास धावला. वृद्धा बसल्या, दम खाल्ला, आणि त्यांनी हुस्नीकडे पाहिले.

"तुझी आई बरी आहे?"

"बरी आहे, हाग्गा. दुवा आहे तुमची."

"ते बंद कर आणि खाली जाऊन कॉफी पी. आज माझ्या घरी आलेला माणूस उपाशी गेला तर वग्दी मला झोपू द्यायचा नाही. तसाही झोपू देत नसे."

हुस्नी गेला. मग त्यांनी आपल्या मुलांवरून नजर फिरवली. मीठ टाकायचे राहून गेलेल्या रश्श्याकडे पाहावे तशी ती नजर होती.

"खालून सगळं ऐकू येतं. लिफ्टच्या भोकातून. त्याचा तेवढा एक उपयोग झाला." त्यांनी काठीने पश्चिमेकडचा कोपरा दाखवला. कठड्याजवळ एक लहानसे पातेले एकटेच उपडे होते. "सोहैर, ते उचल."

तेथे कोणताही खांब नव्हता. इतक्या वर्षांत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. इतक्या पातेल्यांत आणखी एक, इतकेच. सोहैरने ते उचलले. खाली सळया नव्हत्या. वंगणात भिजवलेल्या कापडाने गुंडाळलेली दोन नळांची तोंडे होती, एक पाणी येण्याचे, एक सांडपाणी जाण्याचे.

"इथे कशाला?" मिदहत वाकून पाहू लागला. "सगळ्या मजल्यांचे नळ तर गल्लीच्या बाजूला आहेत. इथे नदीकडे फक्त आपल्या बैठकीच्या खोल्या."

सोहैरने नळाच्या तोंडापासून कठड्यापर्यंतचे अंतर नजरेने मोजले. भांडी घासण्याची जागा. तिच्यावर खिडकी. खिडकीपलीकडे नील, आणि पैलतीरावर झिफ्ता गावाचे मिनार.

"हे स्वयंपाकघर आहे," ती म्हणाली.

"माझं," इन्शिराह म्हणाल्या.

वाऱ्याची झुळूक आली. पातेली हलकेच खडखडली.

"बंधाऱ्यावरच्या सरकारी घरात मला नदीकडे खिडकी होती. ते सोडताना मी म्हटलं, मला दुसरं काही नको, पण तांदूळ निवडताना नदी दिसू दे. म्हणाला, कबूल. मग माझ्या वडिलांच्या ह्या जमिनीवर तळमजला बांधला. तेव्हा म्हणाला, नळ गल्लीत आहे, तूर्तास इकडेच चूल, वरच्या मजल्यावर तुझ्या मनासारखं करू. वरचा झाला, तोवर इसामचं लग्न ठरलं. त्याच्या वरचा झाला, मिदहतचं ठरलं. दरवर्षी ते काळं वंगण लावून झालं की मला इथं आणून उभी करायचा. 'इन्शिराह, खिडकी इथे.' मी म्हणायचे, अरे खिडकीचं काय करू, भिंत कुठाय?"

फथीकाकांनी नाक पुसले. "वग्दी असाच. लग्नाच्या रात्री पाणी वाढलं म्हणून दरवाजे उचलायला गेला होता."

"मला सांगता? मी वाट बघत होते." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "हयातभर एकच शिकवलं त्यानं लोकांना. पाणी आधी शेपटाच्या शेताला. कालव्याच्या तोंडाशी बसलेला कसाही पिऊन घेतो, शेवटच्याला आधी द्या. त्याच्यासाठी मोठमोठ्या जमीनदारांशी वाकडं घेतलं. आणि घरात? घरात शेपटाला मी. अख्खी हयात गल्लीपलीकडच्या त्या गॅरेजच्या भिंतीकडे बघत कांदे चिरले मी."

"मग मला का म्हणाले?" सोहैरचे हात आता रिकामे होते. "मजला तुझा होता तर मला का खोटं सांगितलं?"

"तू रडत होतीस म्हणून." आईचा स्वर प्रथमच खाली आला. "बंधाऱ्याचा दरवाजा उचलायची ताकद होती त्याच्यात. रडणाऱ्याला 'नाही' म्हणायची नव्हती. तुझं काय करायचं ते मला विचारलं असतं, तर तेव्हाच सोडवलं असतं. पण विचारेल तो वग्दी कसला? आता मी सांगते. मजला होणार. मी वर येणार. खालचं घर सोहैरचं, तिच्या नावावर. आणि इसाम, तुझं गोदाम कारखान्यातच राहील."

"आई! तुझे गुडघे बघ. आत्ता चढताना काय झालं? तू वर राहणार कशी?"

यावर कोणाला काही सुचण्यापूर्वी शाहिनाज एक पाऊल पुढे आली होती. तिच्या मुद्रेवर काहीतरी मोठे उजाडत होते.

"हाग्गा... वरचा मजला झाला, म्हणजे माथा झाला ना?"

"झाला."

"म्हणजे यंत्र बसवता येईल. लिफ्टचं."

"नाहीतर मी काय टोपलीतून येणार?"

शाहिनाज नवऱ्याकडे वळली. "आई बरोबर बोलतायत, इसाम."

"शाहिनाज! सकाळपर्यंत तू टॉवर टॉवर करत होतीस!"

"सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. टॉवरला काय करायचंय, त्याच्यानं डोकी दुखतात म्हणे. तू कारखान्यात खाली बसतोस दिवसभर. जिना कोण चढतं?"

"उमरचं..." मिदहतने आरंभ केला.

"उमर चौदा वर्षांचा आहे," सोहैर म्हणाली.

"तेही खरंच," तो म्हणाला.

काकांनी हिशेब केला आणि आपण येथे पाहुणे म्हणून येत राहणेच बरे, तेही लिफ्टने, असे त्यांच्या चर्येवर उमटले. इसाम एकटा पडला. आपल्या बाजूला कोणी आहे का हे पाहण्यासाठी त्याने मान वळवली, आणि त्याच्या दृष्टीस पडली ती पातेली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "करा काय करायचं ते. पण ही खाली काढा. मजला होईतो पत्रे टाका, ताडपत्री टाका, काहीही. माझा फसलेला माल त्यांनी गावाला दाखवायला मांडला. चहाच्या टपरीवर लोक अजून विचारतात, गच्चीवरची निर्यात कुठवर आली? स्वतःच्या बापानं असं करावं?"

इन्शिराह त्याच्याकडे पाहत राहिल्या. "दाखवायला?"

"नाहीतर कशाला?"

"अरे, आधी त्यानं बाजारातून आणली होती. चांगली, चकचकीत. पहिल्याच खमसीनला सगळी उडाली, एक तर मशिदीच्या अंगणात. मग डबे झाले, बादल्या झाल्या. काही टिकेना. मग तुझी ती जाड बुडाची आणली, जी कोणी घेईना, उचलताना बायकांचे हात दुखायचे. त्या वर्षी वारा कसला होता, आठवतंय? खडखडली, पण एकही उडालं नाही. रात्रभर गच्चीवर बसला होता हा माणूस. सकाळी खाली आला, डोळ्यांत धूळ, आणि म्हणतो, 'इन्शिराह, पोरानं असं भांडं केलंय की वारा हरला. ह्याच्या खालचं लोखंड कधी गंजायचं नाही.' अख्ख्या खात्यात सांगत फिरला."

खालून शेख रमादींचा स्वर वर येत होता, आता शांत, संथ.

"मला का नाही सांगितलं?"

"मीही हेच विचारलं."

"मग?"

"म्हणाला, 'सांगेन. नंबर लागला की सांगेन.'"

इसामने खाली वाकून कापलेल्या सळईचा छेद अंगठ्याने चाचपला. वडील सळई वेल्डिंगने जोडू देत नसत. तुटली असेल तर शेजारी दुसरी लांब सळई उभी करून तारेने बांधायची, ओझे ती वाटून घेते, असे ते सांगत. तो उठला, जिन्याखालच्या फडताळातून वंगणाचा डबा घेऊन आला आणि बाह्या न सारताच त्यात हात घातला. यंदाचा खमसीन येऊन गेला होता, आणि या वर्षी सळयांना कोणी हात लावला नव्हता.

"इसाम! तो झब्बा आज सकाळी इस्त्री केलाय!" शाहिनाज कळवळली.

त्याने ऐकले नाही. जुडग्याला वंगण माखून त्याने जाड बुडाचे पातेले पुन्हा त्याच्यावर घातले, आणि ते नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी वर तळवा ठेवून दाबले. मिदहत बाह्या वर सारू लागला. काका, अर्थातच, खाली पाहुण्यांकडे निघाले.

सोहैरने आईची खुर्ची उचलून नळाच्या तोंडांजवळ नेऊन ठेवली. इन्शिराह बसल्या. समोर नील वाहत होती आणि सूर्य झिफ्ताच्या मिनारांकडे कलला होता. त्यांनी कठड्याकडे पाहिले, मग नळाकडे, मग पुन्हा कठड्याकडे, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हातभर डावीकडे हवी खिडकी. दरवर्षी सांगायचे त्याला. दरवर्षी! ऐकलं नाही ते नाहीच."